मधुमेहामुळे पाय बधिर झालेल्या रुग्णाला शेक कसा द्यावा?

प्रश्न:
नमस्कार. माझ्या सासूबाई ७६ वर्षांच्या असून त्यांना बऱ्याच वर्षांपासून मधुमेह आहे. तळपाय इतके बधिर झाले आहेत की चालताना चप्पल निसटली तरी त्यांना कळत नाही. थंडीत गुडघे आखडतात, म्हणून डॉक्टरांनी गुडघ्यांना शेक द्यायला सांगितले आहे. मात्र त्या गरम पाण्याची पिशवी रात्रभर पायांशी ठेवून घेतात आणि पाणी कितीही कढत असले तरी "काही लागत नाही गं" असे म्हणतात. पाणी किती गरम असावे आणि शेक किती वेळ द्यावा?

उत्तर (परिचारिका):
ताई, तळपायांना शेक देऊच नका. तेथे सैल सुती मोजे आणि पांघरूण पुरेसे आहे. गुडघ्याला शेक देण्यापूर्वी त्यांना डोळे मिटायला सांगून गुडघ्यावर कोमट आणि गार वाटी आलटून पालटून टेकवावी, आणि फरक ओळखता आला नाही तर तेथेही शेक टाळून डॉक्टरांना कळवावे.

फरक कळत असला तरी पाणी ४० अंश सेल्सिअसच्या आसपासच ठेवावे. ते थर्मामीटरने मोजावे, पण तापाचा थर्मामीटर चालणार नाही, कारण त्याची मोजपट्टी साधारण ४२ अंशांशी संपते. पिशवी दोन तृतीयांश भरावी, आडवी धरून तोंडाशी पाणी येईपर्यंत दाबावी म्हणजे हवा निघून जाते, मग बूच घट्ट लावून ती उलटी धरून गळत नाही ना हे पाहावे आणि बाहेरून कोरडी पुसून जाड कापडात गुंडाळावी. शेक १५ ते २० मिनिटांपेक्षा जास्त नको, आणि दर ५ मिनिटांनी पिशवी उचलून त्वचा पाहावी. लाल चट्टे दिसले तर त्यांनी "राहू दे" म्हटले तरी शेक थांबवावा.

रात्रभराचा शेक तर बंदच करावा. त्वचेचे तापमान ४४ अंशांवर सुमारे ६ तास राहिले तरी ती भाजते, आणि पाणी जितके कढत तितका हा वेळ झपाट्याने कमी होतो.

उत्तर (फिजिओथेरपिस्ट):
वरील उत्तराशी सहमत आहे. पिशवी गुडघ्याखाली न ठेवता वर ठेवावी, कारण पायाच्या भाराने ती त्वचेवर दाबली जाते आणि तेथील रक्तप्रवाह कमी झाल्याने उष्णता वाहून नेली जात नाही. बाम चोळून त्यावर शेक देण्याची आपल्याकडे फार सवय आहे. ती सोडावी, त्याने त्वचा भाजू शकते. गुडघा सुजून लाल व गरम झाला असेल किंवा त्या नुकत्याच पडल्या असतील, तर डॉक्टरांनी पाहिल्याशिवाय शेक देऊ नये.

प्रश्नकर्ती:
दोघांचेही आभार. विजेवर तापणारी जेलची पिशवी अधिक सुरक्षित असते का?

उत्तर (परिचारिका):
सासूबाईंसाठी मी ती सुचवणार नाही. ती आपोआप बंद होत असली तरी त्या क्षणी आतील द्रव नेमका किती तापला आहे हे आपल्याला मोजता येत नाही. आणि सध्या रोज दिवसाउजेडी त्यांचे तळवे, टाचा व बोटांच्या बेचक्या पाहत जा. फोड आढळला तर तो फोडू नये, त्यावर टूथपेस्ट किंवा हळद लावू नये, स्वच्छ कोरड्या कापडाने झाकून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावा. तुमच्या डोळ्यांदेखत चटका बसला, तर मात्र आधी २० मिनिटे नळाचे गार पाणी सोडावे. बर्फ लावू नये.