'निकाल छापा' की 'प्रिंट काढा'?

सातपूरकरीण: कर्ज कधी फिटेल ते सांगणाऱ्या एका ऑनलाइन गणकयंत्राचा मजकूर मराठीत करतेय. शेवटी दोन बटणं आहेत, प्रिंट आणि सेव्ह. पहिल्याला 'निकाल छापा' लिहिलं. इथल्या एका पतसंस्थेत दाखवलं, तर साहेब म्हणाले, "मॅडम, 'छापा' वाचून आमचा सभासद पळून जाईल!"
दुसरं त्याहून अवघड. ५ लाख, ९ टक्के, ५ वर्षं, हप्ता १०,३७९ रुपये. दरमहा २,००० जास्त भरले तर ४९ महिन्यांत कर्ज फिटतं आणि व्याजाचे सुमारे २५,००० 'सेव्ह' होतात. खालचं 'सेव्ह' मात्र तक्ता फाइलीत ठेवतं. एका पानावर दोन सेव्ह. 'जतन करा' चालेल?

जेलरोडकर: नाशिकरोडला छापणं म्हणजे प्रेस, दुसरं काही नाही. १९२८ पासून नोटांचं काम. कर्जाच्या पानावर 'छापा' दिसलं तर मला वाटेल, फेडायला नोटा छापायचीच सोय केलीय.

पंचवटीचे आजोबा: 'मुद्रित करा' हा शुद्ध शब्द असताना हे रडगाणं कशाला? सावरकर आपल्याच भगूरचे. त्यांचे 'दिनांक', 'महापौर' आज कुणाला खटकतात का?

कॉलेजरोड: आजोबा, झेरॉक्सवाल्याला 'मुद्रित करून दे' म्हणून बघा एकदा. 'प्रिंट काढ' म्हणतात सगळे. फोटो काढतात, प्रिंट काढतात, कर्जसुद्धा काढतातच.

पंचवटीचे आजोबा: झेरॉक्स हे कंपनीचं नाव आहे. 'छायाप्रत' म्हणा.

निफाडचा द्राक्षवाला: 'निकाल' दहावीचा नाहीतर कोर्टाचा. इथे 'हिशेब' पाहिजे. आणि 'जतन' म्हटलं की पांडवलेणी आठवतात. कर्जाचा तक्ता कोण जतन करतं? लोक तो लपवतात. सरळ 'हिशेब ठेवून द्या' लिहा, आणि वरच्या २५,००० ना 'व्याज वाचलं'.

कॉलेजरोड: 'ठेवून द्या' म्हणजे फोन खाली ठेवायचा?

पंचवटीचे आजोबा: 'जतन' हा 'यत्न'पासून आलाय. फाइल ठेवायला कसला यत्न? 'साठवा' म्हणा.

निफाडचा द्राक्षवाला: साठवतात ते धान्य.

सराफबाजार: 'परतफेड'बद्दल कुणी बोलत नाही. फेडणं म्हणजेच परत देणं, मग 'परत' कशाला? तुटणं-तोडणं, सुटणं-सोडणं, तसं फिटणं-फेडणं. कर्ज आपोआप फिटत नाही, आपण फेडतो. नवस फेडतो, पांग फेडतो. आमची आजी लुगडंसुद्धा 'फेडायची'. मूळ अर्थ गाठ सोडणं असावा असं माझं मत.

पंचवटीचे आजोबा: लुगड्याचा इथे काय संबंध?

सराफबाजार: आणि 'हप्ता' म्हणजे फारसीत आठवडा. आपण महिन्याला भरतो तरी हप्ताच.

जेलरोडकर: काही हप्ते आठवड्यालाच द्यावे लागतात, भाजीबाजारात विचारा.

सातपूरकरीण: उद्या सकाळी मजकूर द्यायचाय हो. बटणांचं सांगा ना कुणीतरी.

कॉलेजरोड: उधार आणि उसनं यात फरक काय?

निफाडचा द्राक्षवाला: साखर उसनी, किराणा उधार.

कॉलेजरोड: आणि हातउसने पैसे?

निफाडचा द्राक्षवाला: ते फिटतही नाहीत, कुणी फेडतही नाही.