इक्थिओसॉरची शेपटी मोडलेली की मुळातच वाकडी?

प्रश्न (विज्ञान शिक्षिका, लातूर):
नववीच्या वर्गात इक्थिओसॉरच्या (डायनासोरांच्या काळातील, माशासारख्या दिसणाऱ्या समुद्री सरपटणाऱ्या प्राण्याच्या) सांगाड्याचे छायाचित्र दाखवत असताना एका मुलीने विचारले की, कणा शेपटीच्या टोकाकडे एकदम खाली वळलेला आहे, तो मेल्यानंतर मोडला असावा का? शिवाय, असा सांगाडा मराठवाड्यात सापडू शकेल का? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर (निवृत्त प्राध्यापक, भूशास्त्र, छत्रपती संभाजीनगर):
ताई, हीच शंका पूर्वी मोठमोठ्या अभ्यासकांनाही पडली होती. निरनिराळ्या सांगाड्यांत मोड साधारण एकाच जागी येते, हे पाहून ब्रिटिश जीवाश्म-अभ्यासक रिचर्ड ओवेन यांनी 1838 मध्ये तेथे माशासारखा पर (कल्ला) असावा असे अनुमान काढले. मोड मात्र त्यांनी मृत्यूनंतरचीच मानली. पुढे 1890 च्या दशकात जर्मनीतील होल्त्समाडेनच्या काळ्या शेलमध्ये (चिखलापासून बनलेल्या पापुद्र्यांच्या खडकात) त्वचेच्या ठशांसह सांगाडे मिळाले, तेव्हा अर्धचंद्राकृती शेपटी स्पष्ट दिसली आणि कणा तिच्या खालच्या पात्यात शिरतो हे कळले. पाठीवरचा पर तर त्या ठशांवाचून कळलाच नसता, कारण त्यात एकही हाड नसते.

मुलीला खरा पुरावा मणक्यांत दाखवावा. एरवी हे मणके कॅरमच्या सोंगटीसारखे चपटे, दोन्ही बाजूंनी खोलगट असतात. वळणाच्या जागचे मोजके मणके मात्र वरच्या कडेला जाड आणि खालच्या कडेला पातळ, म्हणजे पाचरीच्या आकाराचे असतात. मोडलेल्या कण्यात मणके निखळतात किंवा तडकतात, त्यांचा घाट बदलत नाही.

प्रतिसाद (वाचक, परभणी):
सर, मग हे शार्कसारखेच झाले ना?

उत्तर (तेच प्राध्यापक):
नेमके उलटे. शार्कचा कणा वरच्या पात्यात जातो. ट्रायासिक काळातील (सुमारे 25 ते 20 कोटी वर्षांपूर्वीच्या) आरंभीच्या इक्थिओसॉरांत तर हे वळण फारच सौम्य असते, त्यामुळे पाठ्यपुस्तकी चित्र सर्वांना लागू करू नये.

उत्तर (भूगोल शिक्षक, नांदेड):
दुसऱ्या प्रश्नाबाबत आशा न ठेवलेली बरी. वेरूळची लेणी ज्या बेसाल्टात कोरली, तो सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा आहे आणि इक्थिओसॉर त्याआधी दोन कोटींहून अधिक वर्षे नामशेष झाले होते. कच्छमधील लोडाई येथे मात्र ट्रायासिकनंतरच्या ज्युरासिक काळातील खडकात सुमारे साडेपाच मीटर लांबीचा सांगाडा मिळाला असून त्याचे वर्णन 2017 मध्ये प्रसिद्ध झाले. आपल्या मांजरा नदीच्या गाळात हाडे मिळतात, पण ती हत्तींसारख्या सस्तन प्राण्यांची आणि कितीतरी अलीकडची.