मदत हवी आहे: थंड इंजिनातून टिकटिक आवाज

मंडळी, माझी २०१४ची पेट्रोल हॅचबॅक ९२,००० किमी चालली आहे. दोन आठवड्यांपासून सकाळी गाडी सुरू केली की बॉनेटखालून शिलाई मशीनसारखा टिकटिक आवाज येतो. रेस दिली की टिकटिक जलद होते, पाचेक मिनिटांत इंजिन तापलं की जवळजवळ थांबते. डिपस्टिकवर ऑइल बरोबर आहे, ऑइलचा दिवाही लागत नाही.

मेकॅनिक म्हणतात टॅपेट सेटिंग (इंजिनाच्या व्हॉल्व्हची फट जुळवणं) करू. पण गरम झाल्यावर थांबतं म्हणजे एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं (इंजिनातला धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांचं) गॅस्केट, म्हणजे जोडातलं सील, लीक असेल का? धातू तापून प्रसरण पावला की बारीक फट बुजते ना! तिथे लीकची खूण म्हणून काजळी मात्र दिसली नाही. इंजिन उघडण्याआधी घरी आणखी काय तपासू? पुढच्या आठवड्यात आईला घेऊन पुण्याहून कोल्हापूरला जायचंय, खरंच काळजी वाटतेय.