ईमेल खातं अडकलं, मग सुटलं कसं? (अनुभव धागा)

पासवर्ड बरोबर टाकलाय, फोन हातात आहे, आणि तरी हे खातं तुमचंच आहे याची खात्री पटत नाही असं उत्तर येतं. गेल्या काही महिन्यांत नात्यात आणि शेजारीपाजारी हे इतक्यांदा पाहिलं की सगळ्यांचे अनुभव एका जागी यावेत असं वाटलं. पीएफ, म्युच्युअल फंडाची स्टेटमेंटं, मुलांचे प्रवेशअर्ज, सगळं त्या एका पत्त्याला बांधलेलं असतं. तो बंद पडला की बाकीच्या ठिकाणचा 'पासवर्ड विसरलात?' हा रस्ताही बंद होतो. सगळ्यात जास्त हाल होतात ते ज्येष्ठांचे.

खातं कशामुळे अडकलं, काय केल्यावर सुटलं, आणि सुटलं नसेल तर तेही लिहा. कंपनीच्या नावानं राग काढण्यापेक्षा उपयोगी पडलेली गोष्ट बारकाव्यानं सांगितलीत तर दुसऱ्याचं काम होईल. स्वतःचा ईमेल पत्ता, नंबर, कोड मात्र इथे अजिबात लिहू नका.

नाशिकहून

आईचा फोन एसटीत चोरीला गेला. त्याच नंबरचं नवं सिम संध्याकाळपर्यंत मिळालं, पण खात्याचा कोड काही येईना. सिमवाल्याकडे परत गेले तेव्हा कळलं की सिम बदललं की पहिले २४ तास त्यावर एसएमएस बंद ठेवतात. कुणी आपल्या नावानं सिम काढून बँक रिकामी करू नये म्हणून तो नियम आहे. तोवर 'कोड पुन्हा पाठवा' दाबत राहण्यात अर्थ नसतो, उलट जास्त प्रयत्न झाले म्हणून खातं आणखी काही तास अडतं.

सुटका झाली ती आईच्या जुन्या टॅबलेटमुळे. ती त्यावर अभंग ऐकायची, नंतर तो देवघराच्या खणात पडून होता. चार्जरची पिन तिरकी धरल्याशिवाय चार्ज होत नाही, काच एका कोपऱ्यात तडकलेली. वायफाय जोडलं, तर ईमेल त्यात उघडंच! नव्या फोनवरून लॉगिन केल्याबरोबर टॅबलेटवर चौकट आली, "तुम्हीच साइन इन करत आहात का?" आईनं स्वतः 'होय' दाबलं. जीमेलच्या मदतपानावरही हेच सांगितलंय की नेहमीचं उपकरण, नेहमीचा ब्राउझर आणि नेहमीची जागा, म्हणजे घर किंवा ऑफिस, इथूनच प्रयत्न करा. आणखी एक, चोरीला गेलेल्या फोनवरून खातं त्याच टॅबलेटमधून लॉगआउट करून टाकलं.

ठाण्याहून

छोटीशीच गोष्ट. पासवर्ड चुकतोय असं सतत येत असेल तर डोळ्याच्या चिन्हावर टिचकी मारून आपण नक्की काय टाइप करतोय ते बघा. सासऱ्यांच्या कंप्युटरवर कीबोर्ड मराठीवर गेला होता आणि ठिपक्यांमुळे ते दिसतच नव्हतं.

कोल्हापूरहून

बाबांचा जुना नंबर रिचार्ज न झाल्यामुळे कधीच बंद झाला होता आणि कोड त्याच नंबरवर जात होता. बंद पडलेला नंबर किमान ९० दिवस दुसऱ्याला देत नाहीत, पुढे मात्र तो कुणाकडेही जाऊ शकतो. फोन लावून पाहिला तर लातूरकडचा एक कॉलेजचा मुलगा बोलला. कोड सांगायला तो तयार झाला नाही, आणि त्याचं बरोबरच होतं. अनोळखी माणसाला ओटीपी द्यायचा नाही हे आपणच सगळ्यांना सांगतो.

मग 'दुसरी पद्धत वापरा' यावर जात राहिलो. शेवटचा आठवणारा पासवर्ड विचारला. बाबांच्या डायरीच्या शेवटच्या पानावर एक जुना लिहिलेला होता, तोच टाकला. आठवत नाही म्हणून प्रश्न सोडून देऊ नका, जवळपासचं उत्तर दिलं तरी त्याचा उपयोग होतो. पुढे संपर्कासाठी माझा ईमेल दिला आणि थांबलो. ते थांबणं जिवावर येतं, पण काही दिवसांनी दुवा आला आणि खातं उघडलं.

धागाकर्ता

कोल्हापूरकर, नंबरवरून आठवलं म्हणून जोडतो. खात्यात कुणी घुसून रिकव्हरी नंबर, म्हणजे खातं परत मिळवण्यासाठी दिलेला नंबर, बदलला असेल तर जीमेल साधारण ७ दिवस जुन्या नंबरवर किंवा जुन्या ईमेलवर कोड पाठवायचा पर्याय देऊ शकतं. म्हणून अशा वेळी उद्यावर टाकू नका.

डब्लिनहून

नवा देश, नवा लॅपटॉप, आणि भारतातल्या प्रीपेड सिमवर रोमिंग नाही. विद्यापीठात नाव नोंदवायची तारीख डोक्यावर असताना ईमेल उघडेना. सांगलीला बाबांना उठवलं. त्यांनी व्हिडिओ कॉल चालू ठेवून माझ्या जुन्या डेस्कटॉपवर, घरच्या इंटरनेटवरून लॉगिन केलं. तिथे एका झटक्यात झालं.

त्याच बैठकीत बाबांकडून बॅकअप कोड, म्हणजे फोनवर कोड येत नसेल तेव्हा लॉगिनला वापरायचे कोड, काढून घेतले. जीमेलमध्ये ८ अंकी १० कोड मिळतात, प्रत्येक एकदाच चालतो, आणि नवा संच काढला की जुना बाद. कागदावर छापून पासपोर्टच्या कव्हरमध्ये ठेवलेत. शिवाय आता ऑथेंटिकेटर ॲप वापरतो, ते लॉगिनचा कोड फोनमध्येच तयार करतं. त्याला नेटवर्क लागत नाही, फक्त फोनचं घड्याळ बरोबर हवं. बाहेर शिकायला निघालेल्या प्रत्येकानं हे विमानात बसायच्या आधी करावं असं मला मनापासून वाटतं.

नागपूरहून

कस्टमर केअरचा नंबर इंटरनेटवर शोधू नका, ही हात जोडून विनंती. माझ्या मावशीनं शोधला. पलीकडचा माणूस गोड बोलून आधी 'शुल्क' मागत होता, मग फोनचा पडदा त्याला दिसेल असं ॲप टाकायला सांगत होता. मावसभाऊ वेळेवर घरी आला आणि त्यानं कॉल कापला. मोफत ईमेलचं खातं फोनवरून सोडवून देणारी कुठलीही अधिकृत सेवा गूगल चालवत नाही. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार करा, जितकी लवकर कराल तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त.

सातारा जिल्ह्यातून, एक शिक्षिका

माझं हॉटमेलचं खातं. मायक्रोसॉफ्टच्या रिकव्हरी फॉर्ममध्ये नेमक्या गोष्टी विचारतात: अलीकडे कुणाला मेल पाठवली, विषयाच्या ओळीत काय लिहिलं होतं, जुने पासवर्ड कोणते. फॉर्म दिवसातून दोनदाच भरता येतो, म्हणून घाई केली नाही. केंद्रप्रमुखांना आणि सहकाऱ्यांना फोन केले, माझ्याकडून त्यांना आलेल्या मेलचे विषय शब्दशः वाचून घेतले, वहीत उतरवले आणि मगच बसले. मान्य झालं. पाठवलेली मेल समोरच्याकडे असते, हे लक्षात ठेवा, फार कामाचं आहे.

पुण्याहून

आमचं खातं सुटलं नाही. वडील गेले, त्यांचा फोन पॅटर्ननं बंद, आणि आईला एकच गोष्ट हवी होती: त्यांनी गावच्या घराचे काढलेले फोटो. मृत्यूचा दाखला जोडून गूगलकडे अर्ज केला. वारसांनाही पासवर्ड देत नाहीत, खातं बंद करून मिळतं किंवा काही प्रसंगी त्यातला मजकूर. आमचा अर्ज मान्य झाला नाही. नातेवाइकांना व्हॉट्सॲपवर पाठवलेले थोडे फोटो गोळा झाले, तेवढेच.

ज्यांच्या घरी असं झालंय त्यांनी एक ध्यानात घ्यावं: दोन वर्षं न वापरलेली वैयक्तिक खाती पुसून टाकायचं धोरण गूगलनं मे २०२३ मध्ये जाहीर केलं आणि त्याच डिसेंबरपासून लागू केलं. त्यामुळे कुठल्याही जुन्या उपकरणात ते खातं अजून उघडत असेल तर फोटो आधी उतरवून घ्या. आणि जिवंतपणी करायची सोयही आहे. गूगलच्या सेटिंगमध्ये 'निष्क्रिय खाते व्यवस्थापक' आहे. खातं किती महिने न वापरल्यावर कुणाला कळवायचं आणि काय काय द्यायचं हे त्यात ठरवता येतं, १० जणांपर्यंत. मी ६ महिन्यांची मुदत ठेवून बायकोचं आणि बहिणीचं नाव घातलं, आणि परवा आईच्या खात्यातही माझं नाव टाकून दिलं.