निपाणीच्या वखारीतल्या आज्ज्यांच्या मुलाखती : दोन कॅमेरे, लाईट, माईक. बजेट २५ हजार. सल्ला हवाय

निपाणीची_लेक
नमस्कार मंडळी. माझी आजी आणि तिच्याबरोबर तंबाखूच्या वखारीत काम केलेल्या आठ बायका यांच्या मुलाखती घेऊन ४० मिनिटांची डॉक्युमेंटरी करायची आहे. सगळ्या सत्तरीच्या पुढच्या. १९८१ च्या तंबाखू आंदोलनात यातल्या तिघी हायवेवर बसल्या होत्या. बोलायला भरपूर आहे, खरं आत्ता नाही घेतलं तर पुढच्या वर्षी कोण असेल, कोण नसेल.

हाताशी आहे ते : कॅनन २००डी कॅमेरा, ५० एमएमची १.८ लेन्स, कॅमेऱ्याबरोबर आलेली किट लेन्स, एक अँड्रॉइड फोन आणि एक डुगडुगणारा ट्रायपॉड. शूट त्यांच्या घरीच करायचं. कौलारू घरं, जाड भिंती, सोप्याला (पुढच्या खोलीला) दार आणि एक खिडकी.

परवा आजीवर टेस्ट घेतली. कॅमेऱ्यात आजी हळद लावल्यासारखी, फोनमध्ये निळी. वर ट्यूबलाईटच्या काळ्या पट्ट्या चेहऱ्यावरून सरकत जातात. तर लाईट कुठली घेऊ, दुसरा कॅमेरा म्हणून फोन चालेल का आणि माईक कुठला? बजेट २५ हजार, त्यात एक रुपया वाढणार नाही.

लग्नवाला_१४
१४ वर्षं लग्नं करालोय, स्पष्ट सांगतो. २५ हजारात काय होत नाही. सोनीची फुलफ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरचा कॅमेरा घे, एक नको, दोन घे. मी दोन घेतलो, एका सीझनमध्ये पैसे वसूल. अंधारात पण आयएसओ, म्हणजे उजेड टिपायची क्षमता, ६४०० ला नेली तरी चकाचक. तुझी २००डी विकून टाक, भाच्याला दे काय तरी.

निपाणीची_लेक
दादा, बजेट २५ आहे हो. सगळं मिळून.

लग्नवाला_१४
ईएमआय करता येतो की.

टिळकवाडीचा_कान
लाईट राहू दे, कॅमेरा राहू दे. आधी आवाज. चित्र थोडं खराब असलं तर लोक बघतात, आवाज खराब असला की दोन मिनिटांत उठून जातात.

माझी गोष्ट सांगतो. बेळगावच्या खासबागेत एका विणकर मामांची मुलाखत घेतली. कॅमेऱ्याच्या माईकवरच. शेजारच्या घरात पॉवरलूम चालू होता. तिथं सहा मिनिटांत कानाला सवय होते, आपल्याला ऐकूच येत नाही. घरी येऊन ऐकलो तर मामा कमी आणि खटक-खटक जास्त. परत गेलो तर मामा म्हणाले, "त्या दिवशी सांगितलं की सगळं." दुसऱ्यांदा तसं बोलले नाहीत ते नाहीतच.

बोया बीवाय-एम१ घे. वायरचा कॉलर माईक, हजाराच्या आसपास मिळतो, वायर ६ मीटरची. कॅमेऱ्याला लाव नाहीतर फोनला लाव, बाजूच्या खटक्यावरनं बदलता येतं. त्यात बॅटरी आहे, ती नवी टाक आणि एक खिशात ठेव. आता बायकांचं : माईक मंगळसूत्राच्या वाटेत लावू नको. प्रत्येक श्वासाला मणी घासतात, हेडफोनशिवाय कळत नाही. पदराच्या काठाला, मंगळसूत्राच्या बाजूला, हनुवटीपासून वीतभर खाली. बांगड्या भरपूर असतील तर हात मांडीवर ठेवायला सांग. काढायला सांगू नको, कुणी काढणार नाही आणि तू शिव्या खाशील. शूटच्या आधी घरातला फ्रिज बंद कर. बंद करताना गाडीची किल्ली फ्रिजवर ठेव, म्हणजे जाताना फ्रिज चालू करायला विसरत नाहीस.

हायवे_कोल्हापूर
वायरलेस घ्या. वायर बघूनच म्हातारी माणसं बावचळतात. मी वायरलेस घेतला, दोन माणसांचा एकदम होतो. एकदाच चार्जिंग संपलं भर मुलाखतीत, ते सोडलं तर झकास.

टिळकवाडीचा_कान
ते सोडलं तर. हेच म्हणतोय मी.

गप्पगार
पट्ट्यांचं उत्तर कुणीच दिलं नाही, म्हणून लिहितो. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणजे ट्यूब सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होते. शटरचा वेग त्या तालात नसला की पट्ट्या दिसतात. २००डी च्या मेनूत व्हिडिओ सिस्टिम एनटीएससी (अमेरिकेतली) असेल तर पाल (आपल्याकडची) करा, मग २५ एफपीएस, म्हणजे सेकंदाला २५ फ्रेम मिळतात. शटर १/५० सेकंदाला बांधून टाका. फोनला ३० च मिळत असेल तरी शटर १/५० किंवा १/१०० ठेवा. फोनच्या मूळ कॅमेऱ्यात हे बहुधा जमणार नाही, ब्लॅकमॅजिकचं कॅमेरा अ‍ॅप फुकट आहे, तुमच्या फोनवर चालतंय का बघा. त्यात २५ पण मिळतं.

रंगाचं : दोन्हीकडे ऑटो व्हाइट बॅलन्स असेल, म्हणजे पांढरं कशाला म्हणायचं ते प्रत्येक कॅमेरा आपलं आपण ठरवतो. आजींच्या हातात पांढरा कागद द्या, दोन्ही कॅमेऱ्यांत त्याच कागदावर, त्याच उजेडात व्हाइट बॅलन्स घ्या आणि लॉक करा. ट्यूब आणि खिडकी एकत्र वापरू नका. एक काहीतरी ठेवा. नाहीतर एकाच फ्रेममध्ये आजी निम्मी हळदीची, निम्मी निळी होते.

पुणेरी_पाहुणा
वरील सर्वांशी सहमत. व्हाइट बॅलन्स लॉक करणे आवश्यक आहे. शिवाय थ्री पॉइंट लायटिंग करावे : की (मुख्य), फिल (सावली उजळणारी) आणि बॅक (मागून येणारी). बेळगावीत साहित्य भाड्याने मिळत असावे.

कॅम्पातला
बेळगाव म्हणा.

पुणेरी_पाहुणा
२०१४ पासून अधिकृत नाव बेळगावी आहे, म्हणून लिहिले.

कॅम्पातला
अधिकृत आम्हाला माहीत आहे हो. बसच्या पाटीवर रोज वाचतो. तुम्ही पुण्यात बसून कशाला लिहिता?

करदंट_खाऊ
आला का हा विषय. तरी म्हटलं अजून कसा आला नाही.

धागा_राखणदार
नावाच्या वादासाठी वेगळा धागा आहे, ४१२ प्रतिसाद झालेत, तिथं जा. इथं लाईटवर बोला.

खानापूरचा_पाऊस
थ्री पॉइंट नको. कौलारू घरात मागून बॅकलाईट मारली की म्हातारीच्या केसाभोवती नाटकातल्या देवीसारखं वलय येतं.

मी खानापुरात कुंभारांच्या घरी शूट केलंय, पावसाळ्यात, चार वाजता संध्याकाळ व्हायची. लाईट एकच, मोठी आणि जवळ. कॅमेऱ्याच्या एका बाजूनं ४५ अंशांवर, डोक्याच्या थोडी वर. ६० वॉटची एलईडी पुरते, पुढं सॉफ्टबॉक्स, म्हणजे उजेड मऊ करणारी कापडी पेटी. सॉफ्टबॉक्स नसला तर दोन काठ्यांवर पांढरं धोतर ताणायचं, जुनं, धुऊन विरलेलं. लाईट दुप्पट लांब नेली की उजेड चौथाईवर येतो हे डोक्यात ठेव, म्हणजे "लाईट कमी पडाली" म्हणून मोठी लाईट आणायच्या आधी आहे ती पुढं सरकवशील.

दुसऱ्या बाजूला थर्माकोलची शीट. चेहऱ्याची अंधारी बाजू उचलते. आणि घर चुन्यानं पांढरं असेल तर उलटं : उजेड सगळीकडून उडून येतो, चेहरा पिठासारखा सपाट होतो. तिथं थर्माकोलऐवजी काळी घोंगडी टांग. सुरकुत्या आल्या पाहिजेत. आणि घोंगडी आवाज पण पिते. एक टांगायची, एक जमिनीवर. मी खुर्चीच्या पायाखालीसुद्धा घालतो, शहाबादी फरशीवर खुर्ची कुरकुरते.

चष्म्याचं विसरू नको. काचेत लाईटचा चौकोन दिसतो. लाईट वर उचल, नाहीतर चष्म्याच्या काड्या कानावरनं गव्हाच्या दाण्याएवढ्या वर कर. काच खाली झुकते, चौकोन जातो.

लग्नवाला_१४
घोंगडी वगैरे ठीक आहे. खरं क्लायंटसमोर घोंगडी टांगलो तर काय म्हणतील? स्टुडिओ लाईट घ्या. दोन घ्या.

खानापूरचा_पाऊस
क्लायंट तिची आज्जी आहे, मर्दा.

हायवे_कोल्हापूर
लाईट घेताना पंखा बघा. माझ्या एलईडीला पंखा आहे, मुलाखत मागाहून ऐकली तर गिरणीत बसून घेतल्यासारखी. आता बाटली-ब्रशनं साफ करून वापरतो, फरक नाही. कुठली कंपनी ते सांगत नाही, माझीच चूक, दुकानात चालू करून ऐकली नाही. आणि करंट गेला की काय करणार? बॅटरीवर चालणारी घ्या.

सोप्यातली_मांजर
दोन कॅमेरे कुठं ठेवायचे यावर कुणी बोललंच नाही. मी केलेली चूक करू नकोस. मला वाटलं, दोन कॅमेरे म्हणजे दोन बाजूंना. एक डावीकडं, एक उजवीकडं. एडिटला बसले तर आमची काकू एका शॉटमध्ये डावीकडं बघून बोलते, पुढच्यात उजवीकडं. जणू दोन सुनांना आळीपाळीनं झापतेय. सगळी मुलाखत एकाच कॅमेऱ्यावर कापावी लागली.

प्रश्न विचारणारा जिथं बसलाय तिथून बोलणाऱ्यापर्यंत एक रेघ मनात ओढ. दोन्ही कॅमेरे रेघेच्या एकाच बाजूला. पहिला तुझ्या खांद्याला चिकटून, म्हणजे आजीचे दोन्ही डोळे दिसतात. दुसरा त्याच्यापासून निदान ३० अंश बाजूला आणि वेगळ्या मापाचा : एक कमरेपर्यंत, एक नुसता चेहरा. दोन्ही सारखेच असले तर कट मारल्यावर चित्र उडी मारल्यासारखं दिसतं. तू स्वतः कॅमेऱ्याच्या लेन्सच्या उंचीला बस. उभी राहून विचारलंस तर आजी फोटोतल्या देवाकडं बघितल्यासारखं वर बघत राहणार.

करदंट_खाऊ
आणि टाळी वाजवा. दोन्ही कॅमेरे चालू करून फ्रेममध्ये एक टाळी. आज्जीलाच वाजवायला सांगा, हसते आणि मोकळी होते. डाविंची रिझॉल्व्ह, एडिटिंगचं सॉफ्टवेअर, फुकटचा असला तरी आवाजाच्या लाटा जुळवून मल्टिकॅम करतो, म्हणजे दोन्ही कॅमेरे एकत्र बसवतो.

खरं फोन असेल तर एक गोम आहे. फोन फ्रेम रेट एकसारखा ठेवत नाही. सुरुवातीला टाळी जुळते, वीस मिनिटांनी ओठ एकीकडं आणि शब्द एकीकडं. मी दोन रात्री जागलो, मग कुणीतरी सांगितलं, आधी हँडब्रेक नावाच्या सॉफ्टवेअरमधून कॉन्स्टंट (एकसारखा) फ्रेम रेट करून घे, मग एडिटमध्ये टाक.

टिळकवाडीचा_कान
हेच सांगत होतो, आवाज आधी.

करदंट_खाऊ
तू हे सांगत नव्हतास.

कॅम्पातला
सबटायटल कन्नडमध्ये पण देणार का? दिलं पाहिजे.

निपाणीची_लेक
देणार. दोघी तर मध्येच कन्नडमध्ये जातात, हिशेबाचं आणि भांडणाचं सगळं कन्नडमध्ये. त्याला मराठी सबटायटल लागणार.

सोप्यातली_मांजर
मग फ्रेमच्या खालच्या भागात काही महत्त्वाचं ठेवू नकोस. हात फार खाली असतील तर ओळी हातावर येतात. वखारीत काम केलेल्यांचे हात तर दिसायलाच पाहिजेत. हातांचे वेगळे शॉट मुलाखत संपल्यावर घे, कट झाकायला उपयोगी पडतात.

पुणेरी_पाहुणा
वरील सर्वांशी सहमत. चष्म्यावरील परावर्तन टाळावे.

निपाणीची_लेक
अपडेट देते. सगळ्यांचे मनापासून आभार, पट्ट्या गेल्या. मेनूत खरंच एनटीएससी होतं.

रविवारी एक एलईडी भाड्यानं आणून आजीसमोर लावली. धोतर ताणलं, ४५ अंश, सगळं सांगितल्याप्रमाणं. आजी दोन मिनिटं बसली आणि म्हणाली, "एवढा उजेड कशाला बाई, मला दिसतंय की." दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, सारखं पदरानं डोळे पुसत होती. प्रश्न विचारला की "हो", "नाही", "असंल". लाईट बंद केली, सोप्याच्या दाराशी पाट टाकून बसवली, तर आपणहून सुरू. वखारीत तंबाखू चाळताना खकाणा उठायचा, चौदा जणींत एकीला शिंक आली की सगळ्यांना यायची आणि मुकादम ओरडायचा, हे तिनं मला कधीच सांगितलं नव्हतं. कॅमेरा चालू नव्हता.

तर ठरवलं. लाईट घेत नाही. सकाळी आठ ते दहा, दाराचा उजेड, एका बाजूला घोंगडी. फोनही नको. कोल्हापुरात सेकंडहँड दुसरी २००डी मिळाली, लेन्सशिवाय नुसती बॉडी, २१ हजार. एकावर ५०, एकावर किट लेन्स. दोन्हीचा रंग जन्मतःच सारखा, माझं डोकं शांत. कॉलर माईक घेतला, ट्रायपॉड मामाचा. सगळं मिळून २५ च्या वर १,३०० गेले, ते आईला सांगितलेलं नाही.

लग्नवाला_१४
चुकलीस. २१ हजार जुन्या कॅमेऱ्यात घालतात होय? आणि ढग आले की काय करणार?

खानापूरचा_पाऊस
लाईट घ्यायला पाहिजे होतीस असं मला अजून वाटतं. दहा वाजता ऊन दारातून आत पाय ठेवतंय, तेव्हा चेहरा पांढराफटक होऊन फाटेल. दाराला धोतर लाव निदान.

गप्पगार
दोन्ही २००डी २९ मिनिटं ५९ सेकंदांना रेकॉर्डिंग आपोआप थांबवतात. एकदम चालू केलेत तर एकदम बंद पडतील, तेही नेमकं चांगलं बोलताना. दुसरा १५ मिनिटं उशिरा सुरू करा. फोनवर गजर लावा, व्हायब्रेटवर. एलपी-ई१७ बॅटऱ्या निदान चार ठेवा.

निपाणीची_लेक
हे माहीत नव्हतं. आत्ताच वहीत लिहिलं. बॅटऱ्या दोनच आहेत.

टिळकवाडीचा_कान
माईकची बॅटरी?

निपाणीची_लेक
खिशात आहे, काका. फ्रिजवर किल्ली पण ठेवणार.

नवीन_सदस्य_८८
धागा पूर्ण वाचला नाही. चांगला विषय. बजेट किती आहे?