हरिण घरी कापावे की लॉकरवर द्यावे?

प्रेषक: मॅडिसनहून एक सभासद
सोमवार, सकाळी

सर्व सभासदांस सप्रेम नमस्कार.

येत्या शनिवारी येथे विस्कॉन्सिनमध्ये हरणांच्या बंदुकीच्या शिकारीचा नऊ दिवसांचा हंगाम सुरू होत आहे. कार्यालयातील एका सहकाऱ्याच्या आयोवा काउंटीतील शेतावर (आयोवा राज्य नव्हे, डॉजव्हिल जिचे मुख्य ठिकाण आहे ती आपली शेजारची काउंटी) मी या वर्षी प्रथमच जाणार आहे. परवाना काढला आहे, सुरक्षेचा अभ्यासक्रम पूर्ण केला आहे, नारिंगी जाकीटही आणले आहे. प्रश्न आहे तो हरिण मिळालेच तर त्यानंतरचा. सहकारी म्हणतो, लॉकरवर (म्हणजे पैसे घेऊन शिकार कापून, बांधून देणाऱ्या दुकानावर) टाक आणि मोकळा हो. माझे वडील सध्या आमच्याकडे आलेले आहेत. त्यांचे म्हणणे असे, की जत्रेला बोकडाचे वाटे घालताना लहानपणापासून ज्याने हात लावला आहे, त्याच्या घरात मांस कापून घेण्यासाठी सव्वाशे डॉलर मोजणे शोभत नाही. शिवाय लॉकरवाला हाडे परत देत नाही, असे कळल्यापासून ते विशेष अस्वस्थ आहेत, कारण नळ्या, बरगड्या आणि पाया यांच्या रस्स्याचे बेत त्यांनी आधीच आखले आहेत. ज्यांनी दोन्ही मार्ग अनुभवले आहेत, त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.


प्रेषक: ला क्रॉसहून, एक जुना सभासद
सोमवार, रात्री

चि. मॅडिसनकर यांस अनेक आशीर्वाद.

वडिलांना माझा नमस्कार सांगा, आणि माझ्या वतीने त्यांची निराशाही करा. रस्स्यातली नळी या हरणापुरती विसरायला हवी. हरणांना होणारा क्रॉनिक वेस्टिंग डिसीज हा मेंदूचा रोग विस्कॉन्सिनमध्ये २००२ साली प्रथम आढळला, तोही तुमच्याच डेन काउंटीत, माउंट होरेबच्या परिसरात. आणि आयोवा काउंटी ही आज राज्यातील सर्वाधिक बाधित भागांपैकी एक आहे. हा रोग जंतूंमुळे होत नाही, प्रायॉन नावाच्या बिघडलेल्या प्रथिनामुळे होतो, आणि ते प्रथिन शिजवल्याने किंवा गोठवल्याने नष्ट होत नाही. माणसाला हा रोग झाल्याचे आजवर सिद्ध झालेले नाही. तरीही बाधित ठरलेल्या प्राण्याचे मांस खाऊ नये, असे आरोग्य खाते सांगते. मेंदू, पाठीचा कणा, डोळे, प्लीहा आणि लसिका गाठी हे भाग तर चाचणी निर्दोष आली तरी खाऊ नयेत. म्हणजे भेजा गेला आणि कण्याच्या बाजूचे चापही गेले. आपल्याकडे ओंडक्यावर ठेवून सत्तुराने हाडासकट तुकडे पाडण्याची जी रीत आहे, ती येथे सोडूनच द्यावी. येथे हाड फोडायचे नसते, हाडावरून मांस उतरवून घ्यायचे असते.

मी स्वतः चौदा वर्षे घरी कापत आलो आहे, त्याचे पहिले कारण नेमके हेच आहे. कण्याला करवत लागलेली नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलेले असते. पैशांचे कारण फार पुढे येते.

एक गैरसमज मात्र आधी दूर करतो. लॉकरवर दिले तरी पोट तुम्हालाच उघडावे लागते. गोळी लागल्यानंतर शक्य तितक्या लवकर आतडी, कोठा आणि मूत्राशय न फुटू देता बाहेर काढणे, हे काम जागेवरच करायचे असते आणि त्यासाठी पैसे घेऊन कोणी येत नाही. मागच्या पायांच्या आतील बाजूस केसांचे जे काळपट, उग्र वासाचे झुबके असतात, त्यांना हात किंवा सुरी लावू नका. तो वास मांसाला लागला की कांदा-लसूण मसाल्यालाही आवरत नाही. त्यानंतर दुसऱ्या दिवशी सायंकाळी पाचच्या आत ऑनलाइन नोंदणी करा. डोके मानेच्या थोड्या भागासह वेगळ्या सुरीने अलग करून चाचणीच्या पेटीत ठेवा. ही चाचणी वन्यजीव खाते विनामूल्य करते. घरी कापायचे की बाहेर द्यायचे, हा प्रश्न या सगळ्यानंतर सुरू होतो.

घरी कापण्याची खरी अट सुरी नसून थंडी आहे. मांस चाळीस अंश फॅरनहाइटच्या खाली, पण गोठणार नाही अशा ठिकाणी टांगता आले पाहिजे. पहिला दिवस स्नायू ताठर झालेले असतात. त्या अवस्थेत कापून लगेच गोठवले, तर मांस चिवट राहते. मी दोन ते चार दिवस टांगून ठेवतो आणि मगच निसण्यावर सुरीला धार लावायला बसतो.

कापण्याचे काम लोक समजतात तितके अवघड नाही, आणि एका बाबतीत तर ते थक्क करणारे आहे. पुढचा पाय धडाला कोणत्याही सांध्याने जोडलेला नसतो, केवळ स्नायूंनी धरलेला असतो. पाय बाहेर ओढून बगलेतून सुरी फिरवली, की संपूर्ण खांदा हातात येतो. पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना मानेपासून कमरेपर्यंत गेलेले लांब पट्टे हा सर्वांत मऊ भागांपैकी एक. सुरीचे टोक हाडाला घासत ठेवून ते सोडवावेत. मागच्या मांडीत स्नायूंचे चार-पाच मोठे गोळे असतात आणि त्यांच्यामध्ये पातळ पडद्याची नैसर्गिक शिवण असते. त्या शिवणीत बोटे घातली, की अर्धे काम सुरीविनाच होते. बोकड कापताना हे लक्षात येत नाही, कारण आपण आडवे तोडत जातो.

यानंतरचा वेळखाऊ भाग म्हणजे साफसफाई. स्नायूंवरचा चंदेरी पडदा आणि सगळी चरबी काढावी लागते. बोकडाची चरबी आपण चवीने खातो. हरणाची चरबी मेणासारखी असते, ताटात थिजते, टाळूला चिकटते आणि फ्रीझरमध्ये लवकर खवट होते. रानटी वास येतो म्हणून लोक ज्या मांसाला नावे ठेवतात, त्यातला बराचसा वास या चरबीचा असतो. गर्दीच्या दिवसांत लॉकरवर शेकडो हरणे येतात, तेथे इतक्या बारकाईने हात फिरेल अशी अपेक्षा धरणे अन्यायाचे होईल. शिवाय ते मांडीच्या आडव्या चकत्या करतात. मला रस्स्यासाठी जाड, चौकोनी तुकडे लागतात आणि ते चकत्यांतून निघत नाहीत. म्हणून मी स्नायूंचे गोळे अखंड गोठवतो आणि ज्या दिवशी जे करायचे, त्याप्रमाणे कापतो.

हिशेबाचे बोलायचे, तर आतडी काढल्यावर १२० पौंड भरलेल्या प्राण्यातून हाडाविना चांगले मांस जेमतेम ४५ पौंड हाती लागते. हे आधी सांगून ठेवतो, कारण पहिल्या वर्षी लॉकरवाल्याने माझे मांस चोरले, असे मी महिनाभर समजत होतो. पुढच्या वर्षी स्वतः कापल्यावर तेवढेच निघाले, तेव्हा मनातल्या मनात त्याची क्षमा मागितली. पहिले हरीण कापायला मला नऊ तास लागले होते. आता चार पुरतात. सहा इंची पातळ सुरी पुरेशी आहे. काम झाल्यावर ती आधी स्वच्छ धुऊन, मांसाचा कण उरला नाही हे पाहून, ४० टक्के घरगुती ब्लीचच्या पाण्यात ५ मिनिटे बुडवून ठेवावी. पोलादावरील या प्रायॉनसाठी हा उपाय २०१९ च्या संशोधनात परिणामकारक ठरला आहे.


प्रेषक: मिलवॉकीहून, एक सभासद
मंगळवार

सर्वांना नमस्कार.

ला क्रॉसच्या काकांचे पत्र मी आदराने वाचले आणि त्यातील शास्त्रीय भागाशी माझा वाद नाही. परंतु 'मी घरी कापतो' या वाक्यातील 'मी' कितपत खरा आहे, हे काकूंना विचारायला हवे. आमच्याकडे पहिल्या वर्षी यजमानांनी गॅरेजमध्ये हरीण टांगले आणि दुसऱ्याच दिवशी तापमान ५५ अंशांवर गेले. ठरवलेले तीन दिवस एका रात्रीवर आले. कापण्याचे काम त्यांनी केले, हे मान्य. पण पाकिटे भरणे, त्यांवर नावे व तारखा घालणे, यंत्राच्या जाळीतून खिम्याचे धागे टोकरून काढणे आणि पहाटे दोन वाजता गॅरेज धुणे ही कामे कोणाच्या वाट्याला आली, ते सांगायला नको. यजमानांच्या अंगठ्याला पडलेल्या तीन टाक्यांचा खर्च धरला, तर लॉकरवाला चार वर्षे पुरला असता. सव्वाशे डॉलर वाचवल्याचे जे गणित मांडले जाते, त्यात हे श्रम कोठेच धरलेले नसतात.

नियमाचाही एक भाग आहे. यजमान शिकारीला सॉक काउंटीत जातात. बाधित काउंटीतून अख्खे धड बाहेर नेण्यावर निर्बंध आहेत. आपल्याला कोणता नियम लागू पडतो, हे मॅडिसनकरांनी वन्यजीव खात्याकडून तपासून घ्यावे. निर्बंध असेल तेथे दोन मार्ग उरतात. एक तर तेथेच डोके आणि कणा वगळून चार भाग करायचे किंवा ७२ तासांच्या आत परवानाधारक प्रोसेसरकडे, म्हणजे लॉकरवाल्याकडे, पोहोचवायचे. आम्ही दुसरा मार्ग धरला आणि त्याचा पश्चात्ताप नाही.

अर्थात, लॉकर डोळे मिटून निवडू नये. आमचा प्राणी स्वतंत्रपणे हाताळला जाईल का, की सर्वांचा खिमा एकाच यंत्रात एकत्र होईल, हा पहिला प्रश्न विचारावा. एका ठिकाणी मी तो विचारला, तेव्हा समोरच्या गृहस्थांनी 'साधारणपणे वेगळाच असतो' असे उत्तर दिले. त्या 'साधारणपणे'मुळे आम्ही पाऊल मागे घेतले. कणा करवतीने कापता का आणि चाचणीचा निकाल वाईट आला तर काय करता, हेही विचारावे. सॉसेजसाठी तर अनेकांचे मांस एकत्र करण्याची पद्धत बऱ्याच ठिकाणी असते, याची जाणीव ठेवावी.

आणखी एक. दुसरे हरीण मिळाले आणि घरात जागा नसली, तर येथे ते अन्नछत्रांना दान करता येते आणि कापण्याचा खर्च दात्याला पडत नाही. मात्र त्यासाठी ते केवळ आतडी काढलेल्या स्थितीत, योजनेत सहभागी असलेल्या प्रोसेसरकडेच द्यावे लागते. घरी कापलेले मांस दान म्हणून स्वीकारले जात नाही. आपण कितीही स्वच्छतेने कापले, तरी ते आपल्याच फ्रीझरपुरते राहते.


प्रेषक: ला क्रॉसहून
मंगळवार, उशिरा

ताईंचा मुद्दा मी घरात वाचून दाखवला. सौभाग्यवतींनी चष्मा काढून 'हे पत्र जपून ठेवा' एवढेच म्हटले, तेव्हा त्या बाबतीत माझी बाजू संपली आहे. ५५ अंशांत घरी कापण्याचा आग्रह मीही धरणार नाही. तापमान चढणार असेल, तर सरळ लॉकर गाठावा.

खिम्याबाबत एक गोष्ट माझ्याकडून राहिली. शिशाची गोळी अंगात शिरताना फुटते आणि तिचे डोळ्यांना न दिसणारे कण जखमेपासून बरेच दूरवर पसरतात. २००८ साली नॉर्थ डकोटाच्या आरोग्य खात्याने दान म्हणून आलेला हरणाचा खिमा अन्नछत्रांनी वापरू नये, असे सांगितले, ते याच कारणाने. तो खिमा प्रोसेसरांकडे तयार झालेला होता. घरात लहान मुले असतील, तर तांब्याची गोळी वापरावी आणि जखमेभोवतीचे मांस हात आखडता न घेता फेकून द्यावे. लॉकरवर तोलून पैसे देणाऱ्या गिऱ्हाइकाला मांस कमी भरलेले आवडत नाही, म्हणून तेथे असे मांस फेकले जाईलच, याची खात्री धरू नये. स्वतःच्या सुरीने ते फेकताना मलाही दरवर्षी जिवावर येते, पण फेकतो.


प्रेषक: मॅडिसनहून
सुमारे तीन आठवड्यांनंतर, रविवार

सर्वांस सप्रेम नमस्कार.

हंगामाच्या दुसऱ्या दिवशी दुपारी एक मादी मिळाली. सहकाऱ्याच्या कोठारात रात्री २८ आणि दिवसा ३७ अंश तापमान होते, म्हणून ती तेथेच दोन दिवस टांगली आणि मंगळवारी वडील व मी कापायला गेलो. ताईंच्या पत्राचा परिणाम म्हणून पाकिटे भरणे आणि जागा धुणे ही दोन्ही कामे आम्हीच केली, हे पत्नीच्या साक्षीने नमूद करतो.

वडिलांना सत्तूर न वापरण्याची अट जाचक वाटत होती. पण मांडीच्या शिवणीत बोटे घालून पहिला गोळा अखंड सुटून हातात आला, तेव्हा ते काही वेळ बोललेच नाहीत आणि पुढची मांडी त्यांनी मला करू दिली नाही. सहा तास लागले. मांस ४१ पौंड भरले. चरबी हाताला अशी बसली होती, की ती काढायला कढत पाणी आणि भांड्यांचा साबण दोन वेळा लागला. हाडे आणि कणा पिशव्यांत बांधून कचऱ्याच्या अधिकृत पेटीत टाकले; पेटीचे झाकण लावण्यापूर्वी वडिलांनी नळ्यांकडे एकदा पाहिलेच.

चाचणीचा निकाल अकराव्या दिवशी आला: रोग आढळला नाही. तोपर्यंत एकही पाकीट उघडले नव्हते. काल मानेच्या मांसाचा रस्सा केला. कुकरच्या सहा शिट्ट्यांनंतरही ते थोडे कमी शिजले होते, म्हणून पातेल्यात आणखी तासभर मंद आचेवर ठेवले, तेव्हा जमले.

खिम्यासाठी १२ पौंड मांस वेगळे काढून ठेवले आहे. लॉकरवर चौकशी केली असता, हरणाचा खिमा स्वतंत्र देऊ पण त्यात डुकराची चरबी मिसळू, असे उत्तर मिळाले. वडिलांना ते चालणार नाही. ला क्रॉसच्या काकांनी त्यांचे यंत्र एका शनिवार-रविवारपुरते दिल्यास मी येऊन घेऊन जाईन आणि जाळी टोकरून, धुऊन परत करीन. बोकडाची चरबी येथील हलाल दुकानात मिळते. १२ पौंडांना ती किती घालावी, तेही कृपया कळवावे.