कपिला कासेला हात लावू देईना

सोमवार

वहिनी (घरच्या ग्रुपवर, सकाळी 7.10): आत्या, काका, कुणीतरी सांगा. कपिला गाय शुक्रवारी व्याली, पाडी झाली, ते कळवलंच होतं. पण कासेला हात लावला की पाय झाडूलालीय. आज चरवी उलटली, चीक सगळा शेणात गेला. पहिल्या वेताची आहे आणि आपल्या गोठ्यात येऊन तीनच आठवडे झालेत. हे सहालाच उद्यमबागला कामावर जातात, धार मलाच काढायची आहे. हात थरथरतात माझे.

बापूकाका निपाणी: मागचे पाय दोरीनं आवळ आणि काढ. आम्ही तसंच करायचो. दोन दिवसांत वळणावर येते.

आत्या नंदगड: नको गे. थांब जरा. वैरण टाकून येते आणि लिहिते.

डॉक्टर ताई: वहिनी, आधी पाडीचं सांग, चीक पोटात गेला काय? वासराला आईच्या पोटात असताना रोगाशी लढायची ताकद मिळत नाही, ती चिकातूनच येते. पहिल्या काही तासांत गेलेला चीकच खरा कामाचा.

वहिनी: पाडी व्याल्यावर तासाभरात उभी राहून प्याली. तिला गाय काही करत नाही, चाटत असते.

डॉक्टर ताई: मग छान. आता गाईला दुखतंय का बघ. पहिल्या वेताला कास सुजतेच, बोटानं दाबलं की खळगा पडतो. ती सूज हळूहळू उतरते. पण एखादाच भाग कडक आणि गरम असेल, दुधात गुठळ्या किंवा रक्त दिसलं, तर दगडी, म्हणजे कासेचा आजार, समज आणि लगेच जनावरांच्या डॉक्टरांच्या 1962 या नंबरला फोन कर. काळ्या फडक्यावर चारी सडांची पहिली धार घेऊन बघ.

वहिनी: गुठळ्या नाहीत. कास सगळीकडून सारखीच फुगलीय. पण मागच्या डाव्या सडालाच जास्त झाडते. फोटो टाकलाय.

डॉक्टर ताई: भेग पडलीय त्या सडाला. म्हणून झाडते बिचारी. कोमट पाण्याच्या फडक्यानं कास शेक, कोरडी पूस, तो सड शेवटी आणि हलक्या हातानं घे. धार झाली की लोणी लाव. नखं आजच काप.

दादा: शेजारी म्हणाले पान्ह्याचं इंजेक्शन मिळतं, लगेच दूध सोडते. आणू काय?

डॉक्टर ताई: दादा, अजिबात नको. ते ऑक्सिटोसिन. पाडी ढुसण्या देते, कासेला ऊब लागते, तेव्हा ते गाईच्या अंगात आपोआप सुटतं आणि पान्हा फुटतो. भ्याली की तेच अडतं. भीती घालवायची सोडून सुई टोचायची, ही कुठली रीत? दूध वाढवायला जनावराला अपाय होईल असं टोचणं 1960 च्या प्राणी क्रूरता कायद्यात गुन्हा आहे.

आत्या नंदगड (रात्री 8.40): आता ऐक पोरी. भांडं न घेताच दिवसातनं चार वेळा तिच्याजवळ जा. खांद्यावर हात ठेव, गळ्याखाली खाजव, मग पाठीवरनं हात न उचलता कुशीपर्यंत ने. एकदम कासेला हात घातला की दचकतेच. शेपटीच्या बुडाशी खाजवलेलं त्यांना फार आवडतं.

कासेला हात लागला आणि तिनं पाय उचलला, तर हात झटकन काढू नको. पाय उचलला की हात जातो, हे तिला एकदा कळलं की ती रोज उचलणार. हात हलका ठेव, पायाबरोबर हलू दे. ती थांबली की मग काढ. थांबल्यावर हात जातो, हे शिकू दे.

धारेला बसताना कपाळ तिच्या कुशीत टेकव. पाय उचलायच्या आधी तिथली शीर हलते, ती तुला आधी कळते. रोज एकाच बाजूनं बस. आणि चरवी खाली ठेवूच नको. एका हातात लहान तांब्या धर, भरला की लांब ठेवलेल्या बादलीत ओत. झाडलं तरी घोटभरच सांडेल, आणि तुझी भीती कमी होईल. तुझी भीती तिला कळते गे.

भरडा धारेच्या वेळीच दे. पाडीला आधी थोडं पाज, पान्हा फुटला की तिच्या तोंडापुढं बांध, चाटत उभी राहील. पुढची पाच-सात मिनिटंच दूध नीट उतरतं, तेवढ्यात उरक. सड ओढायचा नाही. अंगठा आणि पहिल्या बोटानं वरनं दाब, मग एकेक बोट मिटत खाली ये. अंगठा मुडपून काढतात ते मला बघवत नाही, सडाची आतून नासाडी होते.

बापूकाका निपाणी: सूनबाई, सडाला भेग आहे हे मला माहीत नव्हतं. दुखणाऱ्या जनावराला बांधू नको. आत्या सांगते तसं कर.

गुरुवार

वहिनी: दोन तांबे निघाले. डाव्या सडाला अजून अंग चोरते, पण पाय उचलून तसाच खाली ठेवला.

आत्या नंदगड: ठेवला ना? झालं मग. त्या वेळी मानेला हात फिरवलास काय?

वहिनी: होय. माझ्याच डोळ्यात पाणी आलं.

पुढच्या बुधवारी

वहिनी (सकाळी 6.50): भेग भरली. आज चरवी गुडघ्यात धरून बसले, चार लिटर निघालं. एक सड पाडीला ठेवला. डेअरीत कालपासून घालतेय. आत्या, रविवारी हे घरी आहेत, त्यांना शिकवू काय? मला ताप आला तर कोण बघणार?

आत्या नंदगड: शिकव, पण या रविवारी धार नको. तू काढताना तुझी जुनी साडी खांद्यावर टाकून त्याला नुसता शेजारी बसव. भरडा त्याच्या हातनं दे.

दादा: बसतो आत्या. पाचला उठतो.